तुळईला भोक नको

जरा जवळ सरका बघू. असं दारात अर्धं आत, अर्धं बाहेर उभं राहून माणसाची गोष्ट ऐकतात होय? आणि तो मोबाईल उपडा ठेवा. निम्मं ध्यान त्यात आणि निम्मं माझ्यात, मग म्हणाल मावशी काय सांगत होती ते कळलंच नाही.

तर तिकडं आमच्या भरे गावात, माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून रामचंद्रतात्या राहतात. त्यांच्या घरात लाकडाला एक खिळा मारलेला नाही. कॅलेंडर खांबाला सुतळीनं बांधलेलं. आरसा खिडकीच्या गजाला. देवाचा फोटो फळीवर टेकवून पुढं तांब्या ठेवलेला, घसरू नये म्हणून. लग्नाला गेले की नवरानवरी राहिली बाजूला, हे आधी मांडवाचे खांब बघतात. कुणी हातोडी उचलली की ह्यांचा आवाज आलाच, "बांधा की. ठोकताय कशाला? गाठ सुटती, भोक बुजत न्हाई."

मागं ताप आला तेव्हा डॉक्टरांनी सुई काढली. तात्या दंड झाकून म्हणाले, "भोक पाडल्याबिगर काय जमतंय का बघा." डॉक्टर हसत हसत गोळ्या देऊन गेले.

यंदा जत्रेला आम्ही बायकांनी नाटक बसवलं. सासूचं काम मला न मागता मिळालं, का ते विचारू नका. शेतातली, कंपनीतली कामं उरकून रोज संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात तालीम. मंडपाच्या तुळया सागवानी, जुन्या, हात फिरवला तर पाटीसारख्या गुळगुळीत. जत्रेच्या सकाळी पिरंगुटचा लाइटवाला राजू आला. दिवे नव्या तऱ्हेचे, एका हातात उचलावेत इतके हलके. पण त्यानं पिशवीतून भोकं पाडायचं मशीन काढलं आणि तात्या जाऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"काका, बाजूला व्हा."

"दिव्याचं वजन केवढं?"

"असंल नारळाएवढं."

"मग नारळ टांगाय कुणी स्क्रू मारतं व्हय?"

राजू आमच्याकडं बघायला लागला. आम्ही आपापल्या निऱ्या बघायला लागलो. शेवटी देवळाच्या पंचांनी तोड काढली. दुपारपर्यंत तात्यांनी बांधून दाखवायचं. दिवे जागचे हलले, तर राजू तुळयांना भोकं पाडणार. एवढ्या तालमी केल्यात, नाटक काही अंधारात व्हायचं नाही.

तात्या या वयात शिडीवर, आणि राजू खाली शिडी धरून. सगळे दिवे सुती दोरीनं बांधले. बटण दाबलं. रंगमंच उजळला. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर दिव्यांनी कीर्तनात डुलकी लागल्यासारख्या माना टाकायला सुरुवात केली. एक तर हळूहळू पार उलटा फिरला आणि त्याचा झोत नेमका पंचांच्या तोंडावर आला.

झालं होतं असं, की दर जत्रेआधी तात्या स्वतः तुळयांना जवसाचं तेल चोळतात. कुणी सांगत नाही, हेच चोळतात. यंदा अंमळ जास्तच चोळलं होतं. त्या तेलावरनं दोरी घसरली.

"तात्या, तुमीच तेल पाजलं आन् तुमीच घसरला," पंच डोळे चोळत म्हणाले. राजूनं मशीन उचललं.

तात्यांनी घसरलेल्या दोरीला बोट लावून तेल बघितलं.  मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, भाताचा कोंडा हाय का घरात? आन् एखादं मऊ लुगडं? राजू, तू सायकलच्या दुकानातनं फाटक्या ट्यूबा आन. पंच, तेवढा येळ द्या मला."

पंचांनी दिला. आम्ही बायकांनी कोंड्यानं चोळून तुळयांचं तेल टिपलं. तात्यांनी आधी लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, वर ट्यूब ताणून बसवली आणि दिव्याचं लोखंड त्या रबरावर दोरीनं आवळलं, म्हणजे लाकडाला ते टेकायलाच नको. प्रत्येक दिव्याला जोडीला एक सैल दोरी. "येक सुटलीच, तर दुसरी धरंल." वायरीसुद्धा चिंध्यांनी बांधल्या.

राजूनं शिडीवर चढून एकेक दिवा गदागदा हलवला. जागचा हलेना. त्यानं मशीन पिशवीत घातलं. "काका, आमच्याकडं कामाला येता का?"

"तुज्याकडं ठोकाठोकी लई."

नाटक झालं. माझी नाटकातली सासू बघून माझ्या सुनेनं शिट्टी मारली, आता बोला.

दुसऱ्या दिवशी दिवे उतरवायला आम्ही सगळ्या जमलो. गाठी सुटेनात. राजूनं ब्लेड काढलं, तर तात्या म्हणाले दोरी कापायची नाही, नखानं सोडवा. मग काय, एकजण शिडीवर, दोघी शिडी धरून, बाकीच्या गप्पा मारत खाली. तात्यांनी घरनं किटलीभर चहा आणला. कपबशा एकाला एक न जुळणाऱ्या, बऱ्याच वर्षांत न वापरलेल्या, पण लख्ख घासलेल्या. जेवायच्या वेळेला निम्मे दिवे वरच. "ऱ्हायलेलं उद्या," तात्या म्हणाले. राजूला पुढं काम नव्हतं. तो हो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी शिडीच्या चार पायऱ्या चढले आणि एक गाठ हातात घेतली. खाली तात्यांची नेहमीची गाठ होती, एका ओढीत सुटणारी. तिच्यावर मात्र उगीचच गाठींवर गाठी मारलेल्या. त्यांचा कशाला काही उपयोग नव्हता.

मी खाली बघितलं. तात्या बायकांच्या घोळक्यात बसून राजूला आग्रहानं दुसरा कप देत होते. मुलं हिंजवडीला, सणावारी येतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीपलीकडून मला दिवसभर येतो तो नुसता रेडिओचा आवाज.

मी हात काढून घेतला. "तात्या, मला न्हाई बाई सुटत. उद्याच बघू."

"असू द्या वहिनी," ते म्हणाले, "घाई कुणाला हाय."

आता मंडप मोकळा झालाय. तुळयांवर ओरखडा नाही, शिडी देवळामागं आडवी पडलीय. तर तुम्ही एकदा आमच्या गावाला या. रविवारी नको, त्या दिवशी पौड रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मधल्या वारी या, दिवसभराची सवड काढून. जेवायला माझ्याकडं आहेच, पण आधी शेजारी जाऊन तात्यांच्या ओट्यावर बसा. ते बसा म्हणायची वाट बघू नका. पण फार दिवस लावू नका हं, लवकर या.