खोटा खड्डा सांगायचा नाही

सातपुतेकाका सायकलवर एकटे असले तरी मागच्याला ओरडून खड्डे सांगतात. मागे कोणीही नसतं. आयर्लंडच्या त्या आडरस्त्यांवर बहुतेक वेळा पुढेही कोणी नसतं. असलीच तर मेंढरं. पण काका आपले खणखणीत आवाजात सांगत असतात, "खड्डा! डावीकडे!" "वाळू आहे, सांभाळून!" "ओलं शेण! उजवीकडून या!"

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मला इथल्या नास नावाच्या गावात राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. कॅनॉलच्या काठाने पाय मोकळे करत होते, तेवढ्यात झुडपांपलीकडून अस्सल मराठीत आरोळी आली, "खड्डा!" परदेशात आपली माणसं कुणाला गणपतीत भेटतात, कुणाला दुकानात कढीपत्त्याच्या पाकिटापाशी. मला खड्ड्यापाशी भेटली. मी धावतच रस्त्यावर गेले आणि "तुम्ही मराठी?" असं ओरडले. काकांनी ब्रेक लावला, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "मी साताऱ्याचा. खड्डा मात्र इथलाच."

काका पंचावन्नच्या पुढचे. हृदयात बसवायच्या बारीक नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात ते क्वालिटीचं काम बघतात. आठवडाभर भिंगातून केसाएवढे ओरखडे शोधायचे आणि शनिवार-रविवार रस्त्यावरचे खड्डे शोधायचे, हा त्यांचा जीवनक्रम. इकडचे सायकलवाले अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे घालून सुसाट जातात. काका जुनी ट्रॅकपँट घालतात आणि ती साखळीत अडकू नये म्हणून पायाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात. हँडलवरच्या पिशवीत थालीपिठं, लोणच्याची छोटी बरणी, एक पाना आणि एक घडी घातलेली चादर. "चादर कशाला काका?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बसायला. डोंगरावर जाऊन लगेच खाली यायचं, तर मुळात वर गेलोच कशाला?"

पावसाला ते पाऊस म्हणत नाहीत. मोजे पिळून निघाले तरी म्हणतात, "हा पाऊस नव्हे गं, ओलावा आहे." आणि पंक्चर होवो, वाट चुको, मेंढरांचा कळप रस्ता अडवून बसो, सगळ्यावर एकच शेरा: "एकदम ग्रँड!" हा शब्द इथल्या लोकांचा. तो त्यांनी असा काही उचललाय की साताऱ्याला फोनवर आईलासुद्धा "गुडघा ग्रँड आहे ना?" असं विचारतात.

मलाही त्यांनी सायकलवर बसवलं. मी नागपूरची. आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. जवळच्याच विकलो नावाच्या डोंगरातला पहिला चढ मी रडत चढले आणि दुसरा भांडत. काका पुढून शांतपणे म्हणायचे, "चढ हा काही चढ नसतो गं. तो उशिरा मिळणारा उतार असतो." त्या क्षणी मला त्यांना त्या उतारावरून ढकलून द्यावंसं वाटायचं. पण वर पोचल्यावर चादर अंथरली जाई, चारी बाजूंना तपकिरी माळ, खाली ढगाची सावली, हातात थालीपीठ. मग राग कुठल्या कुठे जाई.

त्यांचे नियम दोन. पहिला, पुढच्याने खड्डा सांगितला की मागच्याने घंटी वाजवून पोच द्यायची. दुसरा, खोटा खड्डा सांगायचा नाही. हा दुसरा नियम मी एकदा मोडला. चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर मी पुढे होते, गंमत म्हणून ओरडले, "काका, खड्डा!" काकांनी करकचून ब्रेक लावला, सायकल दगडी कुंपणाला टेकवली आणि मला उभं करून व्याख्यान दिलं. "एकदा खोटा सांगितलास, की पुढचा खरा कोणी ऐकत नाही. सांगणाऱ्याच्या शब्दाला किंमत पाहिजे." त्या दिवशी मला थालीपीठ अर्धंच मिळालं.

डोंगराच्या पायथ्याशी टॉम नावाचा मेंढपाळ राहतो. इतकी वर्षं ऐकून त्याची खात्री झालीय, की 'खड्डा' हा आपल्याकडचा रामराम असावा. आम्ही दिसलो की तो फाटकातून टोपी उंचावतो आणि प्रेमाने म्हणतो, "खड्डा, लॅड्स!" काकांनी त्याला कधी दुरुस्त केलेलं नाही.

असा हा रस्त्यावर अखंड बोलणारा माणूस घरात मात्र गप्प. ज्योतीकाकू म्हणतात, "घरात मिठाची गुळणी धरून बसतात आणि रस्त्यावर पोवाडे गातात." त्यांनीच मला एका गोष्टीचा उलगडा करून दिला. खड्डा सांगितल्यावर काका मान जराशी तिरकी करून क्षणभर थांबतात, हे मी सुरुवातीपासून पाहत होते. मला वाटायचं, कानाचं काहीतरी असेल.

"कानाचं कसलं?" काकू म्हणाल्या. "ईशाची घंटी ऐकतात ते."

ईशा त्यांची एकुलती एक मुलगी. इथेच वाढलेली. लहानपणापासून ती बापाच्या मागे सायकल चालवायची. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून येतं ते थेट इथल्या वळणाचं भरधाव इंग्रजी. काका तिच्याशी बोलायला लागले की दोन वाक्यांत दमायचे. "तिच्या वेगाला माझं इंग्रजी पुरत नाही आणि माझ्या मराठीला ती उत्तर देत नाही," असं म्हणून गप्प बसायचे. सायकलवर ही अडचण नव्हती. त्यांनी खड्डा सांगायचा, तिने घंटी वाजवायची. अख्खं बालपण बापलेकींनी असं काढलं. मग ती शिकायला कॉर्कला गेली, फिजिओथेरपिस्ट झाली, तिकडेच नोकरीला लागली. घंटी थांबली, खड्डे चालू राहिले.

या मे महिन्यात ईशा घरी आली ती सामान बांधायलाच. इथल्या निम्म्या तरुण पोरांसारखी तीही ऑस्ट्रेलियाला निघाली होती. काकांनी काहीही म्हटलं नाही. फक्त तिची जुनी सायकल शेडमधून बाहेर काढली. साखळीला तेल दिलं, चाकांत हवा भरली, सीट वर केली आणि सायकल दाराशी उभी केली. संध्याकाळी परत आत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. जायचा दिवस जवळ येत चालला, तशी सायकल आणखीनच चकाकायला लागली.

"अहो, विचारा ना तिला!" मी वैतागून म्हटलं. "एकदा वर सॅली गॅपच्या खिंडीत जाऊ या म्हणा. एका वाक्याचं काम आहे."

"तिला वेळ असला तर येईल. पोरांना भरीस घालू नये," काका म्हणाले आणि घंटीवर फडकं मारायला लागले. घंटी आरशासारखी दिसत होती.

शेवटी मला राहवलं नाही. ईशा स्वयंपाकघरात चहा करत होती, तिला म्हटलं, "अगं, ती सायकल तुझ्यासाठी रोज बाहेर निघते."

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. "बट ही नेव्हर आस्क्ड मी! अँड ही गोज विथ यू नाऊ, डझन्ट ही?"

मला ते लागलं. मी तिची जागा घेतली, असं ही पोरगी समजून बसली होती. "मी बदली खेळाडू आहे बाई," मी म्हटलं. "मी मागे असले तरी तुझ्या बाबाचा कान तुझ्याच घंटीकडे असतो."

ती चहा तसाच टाकून बाहेर गेली. काका चाक फिरवून बघत होते. तिने सीटवर हात ठेवला. "बाबा, हू रेझ्ड द सीट?"

"तू उंच झालीस ना," काका म्हणाले.

ईशाने सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सॅटर्डे, सो. अर्ली."

"ग्रँड," काका म्हणाले आणि शेडमध्ये शिरले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून, त्यांच्या सायकलच्या आधीच टणक भरलेल्या चाकांत पंप मारल्याचा आवाज येत होता.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. ब्लेसिंग्टन गावापर्यंत काका पुढे, ईशा मध्ये, मी शेवटी. काका रस्त्यातला बारीकसारीक खडासुद्धा सोडत नव्हते आणि प्रत्येकाला घंटी मिळत होती. टॉमने फाटकातून "खड्डा!" केलं, त्यालाही ईशाने घंटी वाजवली.

चढ लागला आणि काका मागे पडायला लागले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ईशा पुढे निघून गेली, वळणापाशी थांबली आणि मग पुढेच राहिली. काका एकदम गप्प झाले. आजवर ते ईशाच्या मागे कधी राहिले नव्हते. पुढे ती असताना बोलायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्ही वर चादर अंथरली, थालीपीठ खाल्लं आणि परत निघालो.

परतीच्या उतारावर वारा कानात भरला होता. ईशा पुढे, मागे काका आणि मी शेजारी शेजारी. आणि अचानक पुढून आवाज आला, 'ड'चा पार चुरा केलेला, पण मराठी.

"बाबा! खड्डा! डावीकडे!"

काकांचा हात घंटीवर गेलाच नाही. नुसते बघत राहिले. मग खड्डा ओलांडून गेल्यावर त्यांनी घाईघाईने घंटी वाजवली. "बाबा, वाळू!" घंटी. "बाबा, मेंढी!" घंटी. त्यांचे डोळे वाहत होते. विचारलं असतं तर वारा म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही.

खाली रस्ता नव्याने डांबरी केलेला आहे. काळाभोर आणि पाटासारखा सपाट. तिथे पोचल्यावर पुढून पुन्हा आवाज आला, "बाबा, खड्डा!"

मी नीट पाहिलं. खड्डा नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा, खड्डा!" पुन्हा काही नाही. मी काकांकडे पाहिलं. आता हे सायकल कुंपणाला टेकवणार आणि व्याख्यान सुरू होणार, अशी माझी खात्री होती.

काकांनी त्या सपाट रस्त्याकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं आणि घंटी वाजवली. मग आणखी एकदा वाजवली.