भाकरीची हाक

मंगळवारी दुपारी एक वाजता, गल्लीत पहारा बसलेला असताना, शिद्राम हावळ यांच्या मेलेल्या बायकोची हाक चोरीला गेली.

अनसाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. माणूस जातं, पण मागं काहीतरी ठेवून जातं. कुणाची काठी राहते, कुणाचा चष्मा राहतो. हावळांच्या घरी हाक राहिली होती. रोज दुपारी एकच्या ठोक्याला स्वयंपाकघरातून ती यायची, "अहो, या. भाकरी निवतीय." थोडं थांबून पुन्हा यायची, आणि मग तिसऱ्यांदा. तिसरी झाली की बाहेर ओट्यावर बसलेले शिद्रामअण्णा गुडघ्यावर हात टेकून उठायचे, आत जायचे आणि सकाळी थापून ठेवलेली भाकरी खायचे. गल्लीतल्या बायका त्या हाकेवर घड्याळ लावायच्या.

त्या मंगळवारी पहिली हाक "अहो, या" इथपर्यंत आली आणि तुटली. अण्णांना वाटलं, येईल. ते तीन वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनी कुलूप लावलं आणि पहारा मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष मुसळे सर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. गल्लीत दुपारी घरं बंद असतात, पुरुष यंत्रमागावर आणि बाया सुताच्या कांड्या भरायला. चोर दुपारचेच येतात, म्हणून सरांनी पहाराही दुपारचाच ठेवला होता. पाळी असलेल्या माणसाला हिरवी दंडपट्टी, शिट्टी, काठी आणि एक वही मिळायची. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली खुर्ची टाकलेली असायची.

"काय गेलं, अण्णा?" सरांनी वही उघडत विचारलं.

"अनसाची हाक."

सरांनी तसं लिहिलं. "एकटीच गेली, की आणखी काही?"

"आणखी काय हाय आमच्या घरात? मागलं दार तेवढं उघडं होतं."

मंगळवारची पाळी सदू रोकडेची होती. सदूला बोलावून आणलं. तो शिट्टी गळ्यात घालूनच आला.

"दुपारी गल्लीतून कोण कोण गेलं?" सरांनी विचारलं.

"भाजीवाली गेली. तुमच्या घरची सूनबाई गेली. एक सायकलवाला गेला, उन्हाचा तोंडाला रुमाल गुंडाळलेला. त्याच्याकडं झाकणाचा पितळी डबा होता, म्हणून मी अडवला त्याला. उघडून बघितला."

"काय होतं आत?"

"काही नव्हतं, सर. रिकामा होता."

"कान लावलास?"

"लावला की. पण एक वाजून गेला होता." सदूनं मान खाली घातली. "एकची हाक सव्वा वाजता कशी बोलेल, सर?"

हाक डब्यात धरली की दुसऱ्या दिवशी तिची वेळ होईपर्यंत ती गप्पच राहते. मंडळानं सदूला सोनं, सायकली आणि गॅसची टाकी ओळखायला शिकवलं होतं. रिकाम्या डब्याचं शिक्षण कुणी दिलं नव्हतं.

सरांनी त्याच संध्याकाळी नियम केला, की झाकणाचा डबा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकानं दुसऱ्या दिवशी एक वाजेपर्यंत कडुनिंबाखाली थांबावं. नियम दोन दिवस टिकला. भंडाऱ्यांच्या घरी लाडू घेऊन आलेला एक पाहुणा पुरा दिवस थांबला. त्याला गादी दिली, चहा दिला. एक वाजता डबा उघडला तर लाडू गप्प होते. मंडळानं ते एकेक करून तपासले. पाहुणा रिकामा डबा घेऊन परत गेला आणि सोयरीक थोडक्यात वाचली.

अण्णा चौकीतही गेले. हवालदार खुटाळे सावकाश माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हाकेचं वर्णन सांगा."

"जरा घोगरी हाय. शेवटाला किंचित वर जाती."

"हाकेत तुमचं नाव आहे का?"

"बायको नवऱ्याचं नाव कसं घेईल, साहेब?"

खुटाळेंनी पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे, अण्णा. 'अहो' तर कुणाचंही असू शकतं. माझ्या घरी पण अहोच आहे. उद्या माल सापडला, तर तो तुमचाच हे ठरवायचं कसं?"

अण्णांनी बराच विचार केला. "लग्नात घेतलं होतं नाव. उखाण्यात."

"ते आहे का घरी?"

"न्हाई. ते त्याच दिवशी संपलं."

"बरं." खुटाळेंनी पुढचा रकाना घेतला. "किती वेळा येते?"

"तीनदा."

"आणि पहिल्याच हाकेला तुम्ही ओ दिली तर?"

अण्णांनी पाण्याचा पेला जागच्या जागी फिरवला. खुटाळे वाट बघत राहिले. त्यांना घाई नव्हती.

"दिली न्हाई कधी," अण्णा म्हणाले. "हातात धागा असायचा. मागावरचा धागा अर्धा सोडून उठता येत न्हाई. तिसऱ्या हाकेपातुर पुरा व्हायचा."

खुटाळेंनी लिहिलं, 'पहिल्या हाकेस उत्तर दिल्याची नोंद नाही.'

मधले दिवस अण्णांना कठीण गेले. भूक लागायची, पण उठायचं कधी ते कळत नव्हतं. एक दिवस ते बाराला जेवले, एक दिवस चारला, एक दिवस जेवलेच नाहीत. दारावरून जाताना सदू म्हणायचा, "अण्णा, जेवलासा का?" पण ती विचारपूस होती. विचारपुशीनं माणूस उठत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मंडळाकडे एक निनावी चिठ्ठी आली. गुळाच्या वखारीमागं एकट्या राहणाऱ्या उपळेकर नावाच्या इसमाच्या खोलीत रोज दुपारी बाईचा आवाज येतो, या वयात हे शोभत नाही, तरी मंडळानं लक्ष घालावं.

उपळेकर म्हणजे लाईटचं मीटर वाचायला येणारे. एकोणीस वर्षं ते महिन्यातून एकदा गल्लीत यायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून कुणाला दिसले नव्हते.

मंडळ एकला पाच मिनिटं कमी असताना वखारीमागं पोचलं. पुढं सर, मग सदू, मागं अण्णा. दार उघडंच होतं. खोली झाडलेली होती. उपळेकर पाटावर बसले होते, हातपाय धुतलेले, केस विंचरलेले. समोर ताट वाढलेलं होतं, पण त्यांनी घासाला हात लावला नव्हता. कोनाड्यात पितळी डबा होता. त्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं.

"या," उपळेकर म्हणाले. "पाचच मिनिटं आहेत. नंतर बोलू."

सर काही बोलणार होते, पण त्यांनीही घड्याळात बघितलं आणि ते उभे राहिले.

एक वाजला. डब्यातून आवाज आला, "अहो, या. भाकरी निवतीय."

अण्णांनी दाराची चौकट धरली.

"आलो," उपळेकर म्हणाले. उठले, अंगावरचा शर्ट सारखा केला, आणि पुन्हा पाटावर बसले.

दुसरी हाक आली नाही. त्याऐवजी डब्यातून अगदी हळू, सावकाश आवाज आला, "या, बसा."

हे अण्णांनी कधी ऐकलं नव्हतं. संसाराची एकेचाळीस वर्षं आणि वरची तीन, इतक्या दिवसांत एकदाही नाही. आवाज तिचाच होता. पण शेवटाला वर जायचा तो जात नव्हता. खाली येऊन टेकत होता, डोक्यावरची घागर उतरवून ठेवावी तसा.

उपळेकर जेवले. मंडळ उभं राहिलं. जेवणाऱ्या माणसाला उठवू नये, एवढं सरांनाही कळत होतं. हात धुऊन आल्यावर त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि तो स्वतःच सरांच्या हातात दिला.

"का नेलीत?" सरांनी विचारलं.

"मी वसतिगृहात वाढलो, सर. पुढं सगळा जन्म खानावळीत गेला. तिथं घंटा असते." उपळेकरांनी हात पुसले. मग ते अण्णांकडे वळले. "तुमच्या घराचं मीटर दाराच्या मागं आहे. आकडे उतरवून घेताना नेहमी एक वाजलेला असायचा. वहिनी तीनदा हाक मारायच्या. तुम्ही ओट्यावर बसलेले. मला दर महिन्याला वाटायचं, आज उठतील."

"हातात धागा असायचा," अण्णा म्हणाले.

"माग विकून वीस वर्षं झाली, हावळअण्णा. मीटरचे आकडे निम्म्यावर आले, तेव्हा मीच विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही चोर आहात," सदू म्हणाला. "न्यायनिवाडा करू नका."

"चोर आहे," उपळेकर म्हणाले. "खरं आहे ते."

दुसऱ्या दिवशी चौकीत ओळख परेड ठेवली. हाकेत नाव नसल्यामुळं दुसरा मार्ग नव्हता. खुटाळेंनी खोलीत सतरंजीचा पडदा बांधला. पडद्यामागं गल्लीतल्या चार बायका आणि डबा, असे पाच जण ओळीनं ठेवले. डब्याची जागा तिसरी. बायकांनी एक वाजायच्या आत आपापली हाक मारायची, आणि तिसऱ्या जागेची वाट बघायची. फिर्यादीनं पडद्याबाहेर बसून नंबर सांगायचा. आरोपीनं तोंड उघडायचं नाही. उपळेकर बाकाच्या टोकाला हाताची घडी घालून बसले.

पहिल्या नंबरला मुसळे सरांच्या सूनबाई होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, या जेवायला," आणि सासऱ्यांसमोर बोलावं लागलं म्हणून पडद्यामागं लाजल्या. दुसऱ्या नंबरची शेवंता रोकडे, सदूची बायको. तिला राहवलं नाही. "अहो, या की आता. का ताट तिथं आणून देऊ? ती शिट्टी काढा आधी गळ्यातली."

"ठरलंय तेवढंच बोला," खुटाळे पडद्याकडे बघून म्हणाले. सदूनं शिट्टी काढून खिशात घातली.

चौथ्या आणि पाचव्या नंबरच्या हाका झाल्या. मग सगळे थांबले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला दीड मिनिट होतं. अण्णा बाकावरून पुढं सरकून बसले. रात्रभर त्यांनी एकच शब्द घोकला होता. माणसाला चूक कळली तर ती सुधारता येते, असं त्यांना वाटत होतं. डबा घरी न्यायचा, कोनाड्यात ठेवायचा, आणि रोज पहिल्या हाकेला उठायचं. एवढंच करायचं होतं. अवघड काही नव्हतं.

"अहो, या. भाकरी निवतीय."

"आलो," अण्णा म्हणाले.

पडद्यामागं काही झालं नाही. तिथं कुणी कान देऊन ऐकत असावं, एवढीच शांतता होती.

"अहो, या. भाकरी निवतीय."

"आलो, आलो," अण्णा मोठ्यानं म्हणाले. ते उठून उभे राहिले. पडद्याजवळ गेले. "अगं, आलो न्हवं. हा काय, इथं उभा हाय."

तिसरी हाक आली. शेवटाला तसाच किंचित वर गेलेला आवाज. ती जिथून बोलत होती, तिथं या माणसाची ओ कधी पोचलीच नव्हती. पोचायची वाटच तयार झाली नव्हती.

मग डबा गप्प झाला. उपळेकर ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत होते.

"अण्णा," मुसळे सर हलक्या आवाजात म्हणाले, "नंबर सांगा. तीन आठवडे मंडळ राबलंय. एकदा नंबर सांगितला की झालं."

अण्णा पडद्यासमोर उभे राहिले. तिला आज तीनदा हाक मारावी लागली होती. मधले वीस-बावीस दिवस एकदाच पुरली होती.

"ह्यातली न्हवं," ते म्हणाले.

"काय?" सर म्हणाले.

"आमची ह्यात न्हाई."

"अहो अण्णा, सगळ्या गल्लीला माहीत आहे. आमच्या सुनेनं तीन वर्षं तिच्यावर कुकर लावलाय."

"गल्लीचं गल्लीपाशी. आमच्या घरची मला ठावं."

खुटाळेंनी अण्णांकडे बघितलं, मग बाकाच्या टोकाकडे. त्यांनी सावकाश लिहिलं, 'फिर्यादीने माल ओळखला नाही. सबब माल ज्याच्याकडे मिळाला त्यास परत.' ते वाचून दाखवलं. शाईचा पॅड पुढं केला. अण्णांनी अंगठा उठवला.

बायका पडद्यामागून निघाल्या. शेवंतानं डोळ्याला पदर लावला होता. सर मंडळाची वही काखेत घेऊन बाहेर पडले आणि सदू त्यांच्यामागं गेला.

उपळेकरांनी डबा उचलला. दोन्ही हातांनी पोटाशी धरला. दारात आले तेव्हा अण्णा तिथंच उभे होते.

"हावळअण्णा," ते म्हणाले, "उद्या एक वाजता या. दोन ताटं करतो."

"नको," अण्णा म्हणाले. "मी असलो की ती तीनदा हाक मारंल."

उपळेकरांनी डब्याचं झाकण चाचपून घट्ट केलं. ते पायरी उतरले. बाहेर चैत्राचं ऊन होतं, रस्ता पांढरा पडला होता.

"पितळ लौकर तापतंय," अण्णा मागून म्हणाले. "सावलीसावलीनं जावा."

"बरं," उपळेकर म्हणाले, आणि रस्ता ओलांडून भिंतीच्या कडेकडेनं निघाले.