पंख वाकडा की बिल्डिंग?

शनिवारी सकाळी नऊ वाजता मधुकाका खांबेट्यांनी जेवणाच्या टेबलावर एक गोटी ठेवली आणि ती आपण होऊन चालू लागली. काकांच्या डोळ्यांदेखत ती टेबलाच्या काठापर्यंत गेली, खाली पडली आणि तशीच गॅलरीकडे निघाली.

"वासंती! अगं, आपलं टेबल वाकडं आहे!"

"पंचवीस वर्षं जेवताय त्याच्यावर," स्वयंपाकघरातून वासंतीकाकू म्हणाल्या. "आमटी कधी अंगावर आली का?"

आमटीचं ठीक होतं, प्रश्न पंखाचा होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मधुकाकांना लाकडी विमानं बांधण्याचा नाद लागला होता. खोक्यातून हलक्या बाल्साच्या पट्ट्या येतात, नकाशा येतो. नकाशावर पट्ट्या टाचण्यांनी टाचायच्या, चिकटवायच्या आणि पंख तयार करायचा. काकांनी पहिलं विमान तीन महिने खपून बांधलं आणि खडवलीच्या मैदानावर मोठ्या ऐटीत उडवलं. ते डावीकडे वळलं, मग आणखी डावीकडे वळलं आणि सरळ जाऊन भातसा नदीत पडलं. तिथल्या पोरांनी हसत हसत निदान केलं, "काका, पंखाला पीळ आहे."

त्या दिवशी ओल्या चपलांनी घरी आलेल्या काकांनी तावातावाने शब्द दिला होता. दुसरा पंखही वाकडा झाला, तर विमानाचं खोकं कायमचं माळ्यावर जाईल आणि आपण रोज पहाटे वासंतीबरोबर बागेतल्या हास्यक्लबात जाऊ. दिलेला शब्द काका पाळत, हीच मोठी पंचाईत होती. हात वर करून, तोंड उघडून, कारण नसताना हसायचं, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटायचा.

म्हणून या वेळी काहीही राहू द्यायचं नव्हतं. त्यांनी गोटी पुन्हा ठेवली, ती पुन्हा पळाली. मग टेबलाच्या तीन पायांखाली वर्तमानपत्राच्या तीन वेगवेगळ्या जाडीच्या घड्या सारल्या. तासाभराच्या झटापटीनंतर गोटी एकदाची जागेवर थांबली. काकांनी नकाशा पसरला, त्यावर प्लास्टिक घातलं आणि श्वास रोखून चार फुटांचा पंख टाचून, चिकटवून टाकला. मनात शंकेला जागा नको, म्हणून तळमजल्यावरच्या साईनाथ परबकडे फोन करून लेव्हल मागवली. साईनाथ सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि कुठलीही वस्तू द्यायला स्वतः येऊन, ती कशाला हवी ते बघून जायची त्याची रीत होती.

"टेबल मस्त आहे काका," पाण्याचा बुडबुडा बघत साईनाथ म्हणाला. "पण खाली हे पेपर कशाला?"

"घरातली जमीनच उतरती आहे रे."

साईनाथने लेव्हल जमिनीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. त्याने बेडरूममध्ये ठेवली, तिथेही तेच. साईनाथचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, टेबल सोडा! बिल्डिंग झुकलीय!"

"काय सांगतोस!"

"गॅलरीच्या साईडला! च्यायला, मी कालच खालून गेलेलो, कळलं पण नाही!"

पाचव्या मिनिटाला ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर होती आणि दहाव्या मिनिटाला प्रत्येक घरात काही ना काही घरंगळत होतं. वरच्या मजल्यावरच्या कलावतीबाई एक लिंबू घेऊन धापा टाकत खाली आल्या.

"दारात ठेवलं, तर थेट गॅलरीत गेलं वो! माझ्या घरातले कांदे पण कायम त्याच कोपऱ्यात जातात. मला वाटायचं, आमचे हेच ढकलतात!"

मग मात्र कोणी थांबलं नाही. कागदपत्रांच्या फायली, दागिन्यांचे डबे, कोणाची मिक्सरची भांडी, असं हाताला लागेल ते घेऊन अख्खी बिल्डिंग आवारात उतरली. काकांना पंख सोडून यायचं नव्हतं, पण साईनाथने दंडाला धरून त्यांना जिन्यावरून खाली आणलं. सगळे माना वर करून बघत होते. बघता बघता प्रत्येकाला बिल्डिंग झुकलेली दिसायला लागली, फक्त कोणत्या बाजूला, यावर एकमत होईना.

काका म्हणाले, "माझा पंख ओला आहे वर. मला एकदा बघून येऊ दे."

"जीव गेला तर पंखाचं काय करणार?" साईनाथने त्यांना अडवलं. "माझी मावसबहीण कृतिका स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. घोडबंदर रोडवरून निघालीय. ती येईपर्यंत कोणी वर जायचं नाही."

"मी कुकरखालचा गॅस बंद करून येते," असं म्हणून वासंतीकाकू मात्र शांतपणे वर गेल्या. त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.

घोडबंदरची वाहतूक म्हणजे दोन तास कुठे गेले नाहीत. पहिला अर्धा तास लोक घाबरलेले होते. मग साईनाथ हळूच म्हणाला, "बिल्डिंग धोकादायक ठरली, तर रिडेव्हलपमेंट करावीच लागेल ना?"

वर बघणाऱ्या सगळ्या माना साईनाथकडे वळल्या. या बिल्डिंगकडे आजवर तीन बिल्डर बघून गेले होते आणि तिघांनीही परत फोन केला नव्हता.

"म्हणजे टॉवर?" कलावतीबाईंनी लिंबू पिशवीत टाकलं. "माझ्या नणंदेच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. आपल्याला पण आरसाच पाहिजे!"

त्यानंतर भीतीचं कोणी नाव काढलं नाही. पार्किंग वाटून झालं, पोहण्याचा तलाव गच्चीवर की खाली यावर वाद झाला, आणि साईनाथने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे सगळं मधुकाकांमुळे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी टाळ्या वाजताहेत आणि त्या घर पडणार म्हणून, हे बघून काका हबकून गेले.

कृतिका आली. तिने खांब ठोकून पाहिले, गच्चीवरून ओळंबा सोडला, सगळ्या मजल्यांवर फिरली आणि तासाभराने खाली येऊन हसत म्हणाली, "घाबरू नका. बिल्डिंग एकदम सरळ आहे. पूर्वी लोक घरं धुवायचे, म्हणून लादी बसवतानाच गॅलरीकडे उतार दिलाय. खांब मजबूत आहेत. अजून तीस वर्षं काही होत नाही."

आवारात सुतकी कळा पसरली.

"नीट बघितलंस ना गं?" साईनाथने केविलवाण्या आवाजात विचारलं. "एखादी भेग तरी असेल!"

"तीस वर्षं!" कलावतीबाईंनी कपाळावर हात मारला. "मेल्यांनी सिमेंट तरी कमी घालायचं!" आणि मघाशी टाळ्या वाजवणारे सगळे काकांकडे असे बघायला लागले, जणू बिल्डिंग त्यांनीच सरळ केली होती.

काकांनी खालच्या आवाजात कृतिकाला आपली अडचण सांगितली. ती चकितच झाली.

"अहो काका, कॉलेजात आम्हीही अशी विमानं बांधायचो. पंखाला टेबल सपाट लागतं, लेव्हल कशाला? उतारावर बांधला तरी सरळच होतो. आणि तीन पायांखाली घड्या घातल्यात? मग टेबलाची फळीच पिळली असणार. ती पिळली की पंख पिळला. पहिला पंख किती वेळ टाचून ठेवला होता?"

"वीस मिनिटं."

"वीस मिनिटं? रात्रभर ठेवायचा असतो!"

काकांच्या पायाखालची जमीन आता खरोखरच सरकली. आतापर्यंत पंख निम्मा वाळला असणार. डोळ्यांपुढे पहाटेची बाग आली, हात वर केलेली माणसं आली. ते तीन मजले धावत चढले.

टेबलाखाली एकही घडी नव्हती. टेबलावर पंख होता, आणि त्याच्यावर ओळीने तूरडाळीचे चार पुडे ठेवले होते. काकांनी गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला आणि पंखाच्या कडेवरून नजर फिरवली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. पंख सुतासारखा सरळ होता. आनंदापेक्षा धक्काच मोठा बसला.

"घड्या मी काढल्या," वासंतीकाकू पाठीमागून म्हणाल्या. "तुमच्या त्या कागदांनी फळी पिळली होती, पंख एका कोपऱ्यात उचलला गेला होता. दिसत होतं की."

"अगं, पण तू?" काका गुडघ्यावरूनच वळले. "पंख वाकडा झाला असता, तर मी उद्यापासून हास्यक्लबात आलो असतो. तुला तेच तर हवं होतं!"

"मी कधी म्हटलं असं? शब्द तुम्ही दिलात, मला कोणी विचारलं?" काकूंनी डाळीचा एक पुडा जरा सरळ केला. "त्या बायकांना उगाच हात वर करून हसू येत नाही हो. मी रोज तुमचं एक काहीतरी सांगते, त्यावर हसतात. भातसा नदीवर तर आठवडा निघाला. तुम्हीच येऊन समोर उभे राहिलात, तर मी सांगू काय?"

मधुकाकांनी उठून पंखावरचा दुसरा पुडा सरळ केला.

"आजचं हे बिल्डिंगचं चार दिवस पुरेल," काकू स्वयंपाकघराकडे वळत म्हणाल्या. "हे विमान उडवाल तेव्हा खडवलीला मी पण येते. पुढचं काहीतरी बघायला नको?"