आबाजी पेशकारांची काकडी

आबाजी पेशकार सकाळी माणसं ओळखत ती पावलांच्या आवाजावरून, कारण त्या वेळी त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर काकडीच्या चकत्या असत. मानवतला आमच्या घरासमोरच त्यांचा ओटा. तिथे मान मागे टाकून ते बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी अंदाजाने बोलायचे. एकदा पाटलांच्या म्हशीला त्यांनी अगदी अदबीनं "या, तशरीफ ठेवा" म्हटलं आणि तिच्या मागून आलेल्या तहसीलदारसाहेबांना "हाल्या, हो तिकडं!"

"आँख दुरुस्त तो आदमी दुरुस्त," असं ते उठताबसता म्हणत. कचेरीत साहेबांपुढे कागद मांडायचं त्यांचं काम, पण कागदाआधी ते समोरच्याच्या पापण्या बघत. मलाही सोडलं नाही. "मास्तर, डोळ्याखाली पिशव्या आल्यात की! पोरायवर जरा कमी वरडा." काकडी संपली की बटाटा, बटाटा नसला की थंड दुधात भिजवलेला कापूस. मानवतला कापसाला काय तोटा! एकदा शेळीनं त्यांच्या उजव्या डोळ्यावरची चकती पळवली. आबाजींनी डावीकडची उचलून तिच्यापुढे धरली. "घे बाई, तुझेबी डोळे लय थकलेत."

हा सगळा नट्टापट्टा कुणासाठी, हे गावाला काही केल्या कळेना. गोदाकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नजर देवीच्या साथीत कायमची गेलेली. सकाळी चहा देताना त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत, तेवढंच त्यांचं बघणं. मग काय, चावडीवर कुजबुज सुरू झाली. पिंगळी गावात त्यांची कुणीतरी आहे म्हणे! मीही ते चवीनं ऐकलं.

एका सकाळी मी डिवचलंच, "आबाजी, पिंगळीची गाडी कधी सुटते?"

ते हसतील असं मला वाटलं. त्यांनी हळूच चकत्या काढल्या. डोळे लालभडक आणि सुजलेले.

"मास्तर, आमचा वसंता निजामाशी लढायला हद्दीच्या पलीकडच्या छावणीत गेलाय. दिवाळीपासून खबर नाई. मी त्याच निजामाचा नोकर, कुणापाशी बोलू? हिला सांगितलंय, पोरगं पुण्याला शिकायलंय. पण हिची बोटं लय हुशार. पापण्या सुजलेल्या लागल्या की विचारती, रडलात का?"

 चावडीवरचं माझं हसणं आठवून लाज वाटली. तेवढ्यात आतून चहाची हाक आली. आबाजींनी डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले आणि मलाही आत नेलं.

काकूंनी त्यांच्या पापण्यांवरून बोटं फिरवली. "आज झोप चांगली झाली वाटतं!"

आबाजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. टोपी चढवून कचेरीला निघाले तेव्हा चाल एकदम ताठ होती.

त्यांची पावलं लांब गेल्यावर काकूंनी रांजणाजवळचं ओलं फडकं सोडलं. आत काकडी होती.

"ही उद्याची. गार असली की त्यायला बरं वाटतं."

"काकू, म्हणजे तुम्हाला..."

"पुण्याला शिकणाऱ्या पोरासाठी कोण इतकं रडतं, मास्तर? डोळ्याची सूज उतरती, पण उशी रोज ओली लागती मला. ते कचेरीत गेले की मी ती उन्हात टाकते. तुमी त्यायला सांगू नका."