डाव्या पोटातलं पाणी

होडीक्लबच्या समितीच्या मानकऱ्यांनो, तुम्ही न पाहता निकाल दिलात. होडीला बोट लावलं नाहीत. चपलेत वाळू जाईल म्हणून शेडपर्यंत चालत आला नाहीत. पंख्याखाली बसून दोन ओळी खरडल्यात आणि मोकळे झालात: "होडी क्रमांक एक डावीकडे कलते, सबब दुरुस्ती सदोष. रविवारी सकाळी समितीसमक्ष होडी सरळ न तरंगल्यास शेडची किल्ली जमा करावी." अकरा वर्षं जी बाई तुम्ही खडकांवर आपटलेल्या होड्या सांधत आली, तिला दोन ओळी. त्याही शिपायाच्या हातून.

त्या दोन ओळींचं पुढे काय झालं ते आता ऐकून घ्या.

पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी सकाळी सात वाजता शेडवालीचे मामा दारात हजर. तिने त्यांना बोलावलं नव्हतं. आईकडे मन मोकळं केलं, एवढाच तिचा गुन्हा.

"मी आलोय," मामा म्हणाले. "आता काळजी गुन्हेगाराने करायची. पोरी, माझी नजर म्हणजे गाळणी आहे. चहा खाली, चोथा वर."

"आणि चोथ्याचं काय करता?"

"त्याच्यावरच तर विचार करतो."

मामा टपाल खात्यात हरवलेल्या पार्सलांच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसले होते. त्या काळात एकही पार्सल सापडलं नाही, पण त्याला मामा 'गुन्हेगारांची वाढती हुशारी' म्हणत. निवृत्त होताच त्यांनी 'खासगी शोधकार्य' असा रबरी शिक्का करून घेतला. पहिली केस स्वतःच्या चष्म्याची. ती अजून चालू होती, आणि तोवर ते मामीचा जुना चष्मा वापरत.

भाचीने होडी दाखवली. कॅटॅमरान म्हणजे दोन पोटांची होडी. फायबरची दोन लांबट, सडपातळ, पोकळ पोटं, मध्ये माणसं बसायला ताणलेलं जाळं, वर डोलकाठी. प्रत्येक पोटाला वरून हात घालण्यापुरतं एक गोल झाकण आणि शेपटीकडे पाणी काढायला एक बूच.

"रोज संध्याकाळी मी हिला समुद्रात घालून बघते. सरळ तरंगते. वर आणून जागेवर लावते आणि सहाला निघते, सहानंतर कामगारांना इथे थांबायची परवानगी नाही. सकाळी बघावं तर डावं पोट भरलेलं. तीनदा घासून वर नवा थर चढवला. पाणी शिरतंय कुठून तेच कळत नाही."

"फक्त डावं?"

"फक्त डावं. आणि फक्त हीच होडी. बाकीच्या अकरा ठणठणीत."

मामांनी डोळे मिटले. "म्हणजे गुन्हेगार डावखुरा आहे."

तिने नाक उचलून शेपटीचं बूच काढलं. पाणी भळाभळा आलं. एरवी ती ते वाळूत सोडून देई, पण मामांनी आडवा हात घातला आणि बादली मागवली. बादलीवर कागद चिकटवून शिक्का मारला: 'पुरावा'.

मग होडीशेजारी त्यांना एक पाऊल दिसलं. टाच झिजलेली, माणूस संशयाने चालणारा. त्याचा ठसा घ्यायला त्यांनी भाचीची भेगा बुजवायची अख्खी डबाभर लांबी ओतली आणि ती वाळेपर्यंत तासभर तिथेच पहारा दिला. ठसा निघाला तो तंतोतंत त्यांच्या उजव्या चपलेचा.

"माझ्यासारखी चप्पल घालून मला अडकवायचा डाव," मामा म्हणाले. "लांबची तयारी आहे त्याची."

भाचीने डब्याच्या तळाकडे पाहिलं. लांबी संपली होती. रविवार एका दिवसावर होता.

तिने आपल्या पद्धतीने पुन्हा एक चाचणी घेतली. पोटात हवा भरायची, वरून साबणाचं पाणी फासायचं. जिथे भोक तिथे फुगा येतो. नाकापासून शेपटीपर्यंत तिने गुडघ्यांवर सरकत पाहिलं. एक फुगा नाही.

"भोकच नाही, मामा."

"उलट. भोक एवढं मोठं आहे की फुग्याला धरायला कडाच मिळत नाही."

तिने साबणाचा फेस पुसून टाकला. जे माणूस पगार न घेता चुकतं, त्याला ओरडायचं कशाच्या जोरावर?

दुपारपर्यंत मामांचे तीन सिद्धांत झाले. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शेडवाल्याचा कट. प्रशिक्षित खेकडा. आणि तिसरा, जो त्यांनी कुजबुजत सांगितला: होडी रात्री रडते. मधल्या वेळात त्यांनी किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या राखणदाराची तासभर उलटतपासणी घेतली. सूचनाफलकाला पाठ टेकून त्यांनी त्याचं मूळ गाव, सासुरवाड, झोपेची कूस आणि खेकड्यांविषयीची मतं विचारली. म्हाताऱ्याने सगळ्याची सरळ उत्तरं दिली.

"याच्यावरच संशय आहे," मामा म्हणाले. "निरपराध माणूस इतका सरळ बोलत नाही."

दीड वाजता मामी जेवणाचा डबा घेऊन आली. तिचं समुद्राशी कधीच जमलं नव्हतं. शेडच्या उंबऱ्यापर्यंत येतायेताच कुरकुर सुरू: "मेला हा वारा. चष्म्यावर खाऱ्याची साय धरते. पुसावं तर आणखी पसरते." बोलताबोलता तिने कोपऱ्यातल्या बादलीत चष्मा बुचकळला, पदराने पुसला आणि घातला.

मामा ताडकन उठले. "अगं, पुराव्यात चष्मा धुतलास?"

"तुमच्या पुराव्याने निदान काच तरी लख्ख झाली. मघाशी येताना लाटेत धुतला तर वाळल्यावर पांढरा फटक झाला होता."

भाचीच्या हातातला लांबीचा रिकामा डबा हातातच राहिला. ती बादलीपाशी गेली, बोट बुडवलं आणि चाखलं.

पाणी गोडं होतं.

अकरा वर्षं तिने शेकडो होड्यांतून पाणी काढलं असेल. होडीत पाणी म्हणजे समुद्राचं, यापलीकडे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. भोक शोधताना तिने सगळं तपासलं होतं, फक्त पाणी तपासलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, आणि मग तो राग वळून जिथे जायला हवा तिथे जायला लागला.

"काका," तिने राखणदाराला हाक मारली, "मी गेल्यावर होड्या धुता तेव्हा काय काय करता?"

"नियमाने धुतो, ताई. सूचना क्रमांक चौदा. होडी रोज गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावी. बाहेरून धुतो. मग गोल झाकण काढून पाईप आत सोडतो. चांगली घटकाभर."

"आणि ते पाणी बाहेर कसं काढता?"

"शेपटीचं बूच काढतो. थोडं येतं, मग थांबतं. मला वाटतं, संपलं. बूच लावून टाकतो."

येणार कसं? सूचना क्रमांक सतरा: शोभेकरिता सर्व होड्यांची नाकं समुद्राकडे असावीत. वाळू समुद्राकडे उतरती. नाक खाली, शेपूट वर. पाणी नाकात जाऊन बसायचं आणि बूच वर कोरडं. ती स्वतःच रोज संध्याकाळी नियमाप्रमाणे होडी तशी लावून जात होती.

"मग उजवं पोट का नाही धुतलं?"

"पाईप पुरत नाही. नळाजवळची ही एकच होडी, आणि तिचंही अलीकडचंच पोट. बाकीच्या अकरांना पोचतच नाही. लांब पाईप द्या म्हणून समितीला दोनदा अर्ज दिलाय." म्हातारा ओशाळला. "विचाराधीन आहे म्हणाले."

मामी डबा उघडत म्हणाली, "बरं झालं दिला नाही. सगळ्याच फुगल्या असत्या."

"हे तुम्ही मघाशी का नाही सांगितलंत?" मामांनी दरडावलं.

"तुम्ही खेकड्यांचं विचारलंत, साहेब."

मामा म्हणाले, "मी फलकाला पाठ टेकून उभा होतो तेव्हाच मला पाठीत काहीतरी खुपत होतं." खुपत होती ती सूचना क्रमांक चौदाची टाचणी.

रविवारी सकाळी समिती छत्र्यांसकट उतरली. भाचीने रात्रभर होडीचं नाक विटांवर चढवून ठेवलं होतं. धुतल्याचं सगळं पाणी उघड्या बुचातून निघून गेलं होतं. आता झाकणं घट्ट, बुचं घट्ट. राखणदार, मामा आणि तिने मिळून होडी चाकांच्या गाडीवरून पाण्यात ढकलली, गाडी मागे ओढून घेतली, आणि होडी तरंगली. डोलकाठी ओळंबा धरल्यासारखी सरळ.

"शेवटी नीट दुरुस्त केलीत तर," अध्यक्ष म्हणाले. "हे आधीच करायचं होतं. असो. किल्ली राहू दे. विषय संपला."

"मी काही दुरुस्त केलेलं नाही, साहेब. मोडलेलंच नव्हतं. फक्त तिचं नाक वर केलं."

"मग ते पाणी?"

"तुमच्या नळाचं. चौदा नंबरने आत घातलं, सतरा नंबरने आत ठेवलं. दोन्हींखाली तुमची सही आहे."

अध्यक्षांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र त्यांच्या बाजूने काही बोलला नाही. "यावर समितीत विचार होईल."

"पुरावा बादलीत सुरक्षित आहे," मामा पुढे सरसावले.

"त्याने मी काल डबा घासला," मामी म्हणाली.

पुरावा नसला तरी सह्या आहेत. चौदा आणि सतराच्या मधोमध, त्याच फलकावर, भाचीने स्वतःचं पत्र लावलं. फायबर चिकटवायच्या रेझिनने माखलेल्या बोटांचे ठसे चारी कोपऱ्यांवर, आणि मामांचा शिक्का खाली, कारण त्यांनी ऐकलंच नाही. त्यातही दोनच ओळी: "माझी दुरुस्ती सदोष, असं आपण लेखी कळवलंत. ती नव्हती, हेही लेखी कळवा."

मंडळींनो, आज त्या पत्राला अकरा दिवस झाले. राखणदार अजून नियमाने धुतो, कारण नियम तुम्ही मागे घेतलेला नाही, आणि भाची रोज सकाळी नाक उचलून तुमचं पाणी ओतते. विषय संपला म्हणालात. कुणाचा? सदोष कोण होतं तेवढं सांगा. तोंडी नको. पंख्याखाली बसा, दोन ओळी लिहा, खाली सही करा. आणि या वेळी शिपायाला पाठवू नका. वाळूतून चालत या.