पाटीसह काढलेले दोनशे चौदा फोटो

सहलीचा मुख्य हेतू फोटो हा असून समुद्र, डोंगर, देऊळ वगैरे बाबी त्यास पूरक आहेत, याबद्दल आता कोणाचे दुमत उरलेले नाही. डोंगर कोणी पळवत नाही. कॅमेरा मात्र हरवतो, आणि मग माणूस कुठेच गेलेला नसतो.

हा धोका लाखनीच्या टेकचंदभाऊंनी वेळीच ओळखला. ते बावीस वर्षे आवक-जावक लिपिक आहेत (त्यांच्या हातून एकही कागद गहाळ झालेला नाही, काही सापडत नाहीत, ती बाब वेगळी). पुरीला जायचे ठरताच त्यांनी तिकिटांच्या आधी कॅमेऱ्याचा विचार केला. शेजाऱ्याच्या लग्नात भातासाठी दिलेला आपला गंज, म्हणजे पातेले, घरी परत येतो, कारण त्यावर नाव कोरलेले असते. म्हणून भांडेवाल्याकडून त्यांनी कॅमेऱ्यावर नाव कोरून घेतले. मग लक्षात आले, चोर कॅमेरा ठेवून कार्ड फेकून देईल (परक्यांच्या सहलीत चोराला रस नसतो, नातेवाइकांनाही नसतो). तेव्हा नाव प्रत्येक फोटोतच हवे.

त्यासाठी दोन फूट बाय दीड फुटाची पाटी रंगवून घेतली. तीवर पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड, दोन मोबाईल नंबर, ‘सापडल्यास कळवावे, फोटो पुसू नयेत’ ही सूचना, आणि जागा उरली म्हणून रक्तगट.

पाटी धरायला रिकाम्या हातांचा माणूस लागतो. टेकचंदभाऊंकडे कॅमेरा होता, पत्नी डिंपलताईंकडे पिशव्या. उरल्या आई, आनंदाबाई, वय अडुसष्ट.

आनंदाबाईंनी जन्मभर गावचा तलावच पाहिला होता. शहापूरला दिलेली धाकटी बहीण सुशीलाबाई पुरीला जाऊन आली होती आणि गेली नऊ वर्षे प्रत्येक लग्नात ते सांगत होती. आपण समुद्रात उभ्या आहोत असा एक फोटो तिच्यापुढे ठेवायचा, एवढ्यासाठी आनंदाबाई दुखरे गुडघे घेऊन निघाल्या होत्या.

“माय, पाटी वर धर. पिनकोड दिसून नाही राहिला,” टेकचंदभाऊ म्हणाले.

“वर धरली तं मले समुद्र नाही दिसत.”

“घरी गेल्यावर फोटोत पाहजो.”

कॅमेरा हरवला नाही. मूळ कार्ड तांदळाच्या डब्यात, एक प्रत कपाटात आणि एक साकोलीच्या मेहुण्याकडे ठेवण्यात आली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. २१४ पैकी २१४ फोटोंत पिनकोड स्पष्ट. समुद्र ३१ फोटोंत, कडेकडेने. आनंदाबाईंची बोटे सर्व फोटोंत, काहींत पदरही.

सुशीलाबाई मुद्दाम शहापूरहून आल्या. चष्मा लावून त्यांनी सगळे फोटो पाहिले.

“नंबर बराबर दिसून राहिला,” त्या म्हणाल्या. “तू कुठी हायेस?”

“पाटीच्या मांगं.”

“मंग तू गेली होती कशावरून?”

आनंदाबाईंना रडू आले. टेकचंदभाऊंनी त्यांना समजावले की एकही फोटो गहाळ झालेला नाही.

वाचकांना ही योजना हास्यास्पद वाटत असेल. त्यांनी आपले सहलीचे फोटो उघडावेत (ते सुरक्षित आहेतच) आणि घरातले कोण त्यांत नीट दिसत नाही, ते पाहावे. त्या माणसाला आपण काय धरायला सांगितले होते, ते आठवेल.