घेणाऱ्याच्या आईचं बाथरूम

आमच्या समोरच्या नानांना फोन लावायचा तर दोनदा लावावा लागतो. पहिल्यांदा तो खोक्यात असतो. मोबाईल ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात राहतो, आणि खोका पिशवीत. फोन वाजला की नाना पिशवी सोडतात, खोका उघडतात, वरचा कागद बाजूला करतात. तोवर समोरच्यानं कंटाळून ठेवून दिलेला असतो. मग नाना तितक्याच निगुतीनं सगळं परत जागच्या जागी घालतात. मी एकदा विचारलं, "नाना, फोन बोलायला घेतलाय ना?" तर म्हणाले, "मंगल, उद्या इकायची येळ आली तर? खोक्यासकट जातो त्यो माल."

उद्या इकायची येळ आली तर. हे नानांचं पालुपद. उभा जन्म काष्टीच्या बैलबाजारात दलाली करण्यात गेला. आता बाजारात बैल कमी झाले, नानांचे गुडघे कुरकुरायला लागले, पण डोक्यातला बाजार काही उठला नाही. घरात आलेली वस्तू त्यांच्या लेखी मुक्कामाला आलेली असते. चष्म्याच्या काचेवरचं कंपनीचं स्टिकर अजून तसंच आहे. नाना त्याच्या कडेनं बघतात.

घराचं तर विचारूच नका. भिंतीला एक खिळा नाही, कारण खिळ्यानं भोक पडतं आणि भोकानं भाव. देवांच्या तसबिरी कपाटावर टेकवून ठेवलेल्या. सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच, उन्हाळ्यात पाहुणा उठला की चर्रकन आवाज येतो आणि पाहुणा ओशाळतो. काकूंनी एकदा हौसेनं अंगणात कढीपत्ता लावला, तो नानांनी उपटून कुंडीत लावला. म्हणे कुंडी संगट नेता येती. काकू म्हणजे नानांची बायको. ठेंगणी, अंगानं बारीक, बोलणं अगदी कमी. एकुलती लेक जामखेडला दिली, आता घरात हे दोघंच. काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून हे घर विकायचं आहे. घेणारा मात्र कधी फिरकला नाही.

माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे मला मोठ्यानं आणि तोंडावर बोलायची सवय. लिहितानाही तेच होतंय, तेवढं चालवून घ्या.

मागच्या वर्षी काकू मोरीत पडल्या. मोरी म्हणजे परसातली जुनी न्हाणी. पत्र्याचं दार, शहाबादी फरशी, तिच्यावर हिरवं शेवाळ. उजवा गुडघा असा सुजला की बघवेना. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तेव्हापासून काकूंनी आंघोळीची धास्तीच घेतली. एका हातानं भिंत धरायची आणि दुसऱ्या हातानं कसंबसं अंगावर पाणी घ्यायचं. "मंगल, देवाचं नाव घेऊन आत जाते बघ," असं म्हणायच्या. मला भरून यायचं.

आणि नाना काय करतात? काकू पडल्या त्याच आठवड्यात गिरणीत आले, गव्हाच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "शाबादी फरशीला आता गिऱ्हाईक ऱ्हायलं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. बायको तिकडे लंगडतेय आणि हा माणूस फरशीचा बाजारभाव सांगतोय. मी चांगलं सुनावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं, अंगावर उडालेलं पीठ झटकलं आणि मलाच शिकवायला लागले.

"बैल घेनारा आधी काय बघतो? दात. शिंगं रंगवली, झूल घातली, तरी त्यो आधी तोंड उघडून बघनार. तसं घराचे दात म्हंजी बाथरूम. घेनारा हॉलमधी चा पितो, गोड बोलतो, आन हळूच इचारतो, बाथरूम कुटं हाय. तितं सौदा मोडतो. मी नवं बाथरूम बांधनार. घर झ्याक इकलं जाईल."

काकूंना हे कळलं तेव्हा त्या माझ्याकडे येऊन बसल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "मला हे घर इकायचं न्हाई. मरायचं तर हितंच. पर मला इचारतंय कोन?" एवढंच बोलल्या आणि पदरानं तोंड पुसून गेल्या.

श्रीगोंद्याचे अयुबभाई मिस्त्री कामाला लागले. मागची मोरी पाडली, आणि स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती तिथं नवं बाथरूम काढायचं ठरलं. काम चालू असेतोवर नाना-काकूंची आंघोळ आमच्याकडे. रोज सकाळी काकू बादली-तांब्या घेऊन यायच्या, कारण आमचा तांब्या वापरायला त्यांना संकोच, आणि शॉवरची भीती.

आता खरी गंमत सुरू झाली. प्रत्येक गोष्ट घेणाऱ्याच्या आवडीनं. घेणाऱ्याला पिवळा रंग चालणार नाही. घेणाऱ्याला खिडकी पूर्वेला पाहिजे. अयुबभाईंनी खिडकी केली, तर दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, ती वर घ्या, घेणारा लाजाळू असंल. वर घेतली, तर खाली घ्या, घेणाऱ्याला उजेड लागतो. अयुबभाई थापी खाली ठेवून म्हणाले, "नाना, त्या घेणाऱ्याला एकदा इथं आणा. मी त्याच्याच पाया पडतो."

मग घेणाऱ्याला आई आली. कुठून आली कुणास ठाऊक. एक दिवस नाना म्हणाले, घेणाऱ्याची आई म्हातारी असणार, गुळगुळीत टाईल नको, खडबडीत घ्या. पुढच्या आठवड्यात तिचा उजवा गुडघा दुखायला लागला, म्हणून भिंतीत बसायला कट्टा आणि धरायला स्टीलची दांडी. मग तिला शॉवर आवडेनासा झाला, तोंडावर पाणी आलं की जीव घाबरा होतो तिचा. मग कमोड. काकू दारातून वाकून बघत म्हणाल्या, "एकाच खोलीत दोन्ही? शी बाई." नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला कुठं वापरायचंय?"

एके दिवशी मला गिरणीतून बोलावून घेतलं. मी तशीच पिठानं माखलेली गेले. नानांनी मला त्या कट्ट्यावर बसवलं, आणि दांडी धरल्यासारखा हात कर म्हणाले. मी केला. नानांनी माझ्या मनगटाजवळ भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, मग ती खोडली आणि चार बोटं खाली दुसरी केली.

"तिचा हात हितं यील," ते म्हणाले. "तुझ्यापरीस बुटकी हाय ती."

"कोण?"

"घेनाऱ्याची आई."

"नाना, अजून घेणारा सापडला नाही. त्याच्या आईची उंची तुम्हाला कुठनं कळली?"

नाना पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "अंदाज असतो मानसाला." आणि अयुबभाईंवर विनाकारण खेकसले.

मी काय समजायचं ते समजले. उजवा गुडघा, बुटकी, शॉवरला भिणारी. दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकू, मला वाटतं नाना हे तुमच्यासाठी करतायत." काकू ओले केस झटकत हसल्या.

"माझ्यासाठी? अगं, मला बघायला आले तवा माझ्याकडं एकदा बी बघितलं न्हाई. आमच्या गोठ्यातली म्हस बघत बसले. माझा बाप बिचारा म्हशीची किंमत सांगायला लागला."

संध्याकाळी मी ओट्यावर नानांना गाठलंच. म्हटलं, बायकोला बघायला गेलात आणि म्हैस बघून आलात, लाज नाही वाटली? नाना रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाजारात जनावर मनात भरलं का त्याच्याकडं बघायचं नसतंय. दुसऱ्याकडंच बघायचं. बघितलं का मालक वळकतो, आन मंग आपलं काय चालत न्हाई."

"अहो, पण लग्न होऊन किती वर्षं झाली."

"सवय लागली," नाना म्हणाले आणि आत निघून गेले.

हे काकूंना सांगायचं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण नवऱ्याची माया शेजारणीच्या तोंडून कळावी हे काही मला बरं दिसेना. ज्याचं त्यानं सांगावं, म्हटलं.

बाथरूम झालं. खरंच देखणं झालं. आकाशी टाईल, खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन, गिझर, हाताशी सगळं. मला वाटलं आता तरी म्हणतील, जा गं, आंघोळ करून घे. नानांनी नळावर प्लास्टिक गुंडाळलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. एकदा पाणी पडलं की माल जुना झाला, म्हणे. ज्या बाईसाठी केलं ती आपली बादली-तांब्या घेऊन रस्ता ओलांडून आमच्याकडे, गुडघा धरत. मी रागानं नानांशी बोलणं टाकलं. नाना त्या कुलपाकडे बघत ओट्यावर बसायचे आणि दिवसेंदिवस वाळत चालले होते. हातानं केलेला फास स्वतःलाच सोडवता येईना, असं झालं होतं त्यांचं.

आणि अशात घेणारा आला.

खरा, हाडामासाचा. कांद्याचा व्यापारी. नानांनी गावभर बोंब मारली होती, ती त्याच्या कानावर गेली. पांढऱ्या गाडीतून उतरला, आणि मागून हळूहळू, दाराला धरत, त्याची आई उतरली. ठेंगणी. गुडघ्याला पट्टा. मी गिरणी बंद करून धावले. नानांचं तोंड असं झालं होतं की बोलावलेलं भूत खरंच दारात येऊन उभं राहिलंय.

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. नानांनी किल्ली सोडली, दार उघडलं. म्हातारी आत गेली. कट्ट्यावर टेकली. दांडी धरली, सोडली, परत धरली. आणि म्हणाली, "अगं बया, जनू माझ्यासाठीच केलंय की हे."

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या बाथरूममध्ये त्यांनी आजवर पाऊलही टाकलं नव्हतं. दुसऱ्या बाईच्या हातात ती दांडी बघून त्यांचा चेहरा एवढासा झाला.

सगळे बाहेर ओट्यावर आले. चहा झाला. व्यापारी म्हणाला, "घराला खोड हाय का काही?" नानांनी आयुष्यात कधी मालाची खोड सांगितली नव्हती, पण त्या दिवशी सुटलेच. पावसाळ्यात गळतं. पाण्याचा दाब नाही. समोर पिठाची गिरणी आहे, दिवसभर डोकं उठतं. मी हे गिळलं. व्यापारी हसायला लागला. त्यालाही बाजार ठाऊक. मालक नको नको म्हणतोय म्हणजे भाव चढवतोय, असं त्याला वाटलं. नाना जितकी नावं ठेवतील तितका तो हटून बसला. शेवटी त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, नानांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, तोंडानं नाही. बोटं दाबली की आकडा, आणि हात हलवला की सौदा पक्का. नानांचा हात टॉवेलाखाली, नजर जमिनीवर, कपाळावर घाम. बाजाराचा रिवाज मोडून हात काढून घेणं त्यांना जमेना.

तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग नळाचा. मग अंगावर तांब्या ओतल्याचा.

मी इकडंतिकडं बघितलं. काकू ओट्यावर नव्हत्या. दार उघडं राहिलं होतं, आणि त्या सरळ आत जाऊन आंघोळीला बसल्या होत्या. पाहुणे बाहेर बसलेत, घराचा सौदा चाललाय, आणि ही बाई भर दुपारी आंघोळ करतेय.

दुसरा तांब्या पडला. नानांनी टॉवेलाखालून हात काढून घेतला.

"सौदा मोडला," ते म्हणाले. "माल वापरला."

"अवं, त्यानं काय होतंय," व्यापारी म्हणाला. पण त्याची आई केव्हाच उठली होती. ती लेकाला म्हणाली, "चल. बाई आंघुळ करतीया आन आपन तिचं घर मागत बसायचं व्हय?" जाताना तिनं नानांकडे नीट बघितलं आणि हसली.

गाडी गेली. मला वाटलं आता नाना आकांडतांडव करणार. म्हणून मी मागोमाग आत गेले. नाना बाथरूमच्या दाराशी उभे होते.

"पानी गरम हाय का?" त्यांनी विचारलं.

आत आणखी एक तांब्या पडला. मग, "हाय."

"उठताना दांडी धर."

"धरलीया." तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. "अवं, ही माझ्या हाताला बरोबर येतीया. त्या म्हातारीला जरा खाली पडत हुती. कुनासाठी केली ही?"

नाना बंद दाराकडे बघत होते.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "सगळंच तुझ्यासाठी केलंय."

पाणी पडायचं थांबलं. आत काकू रडत होत्या की काय, ते मला कळलं नाही, पण मला मात्र पदर डोळ्याला लावावा लागला. मग काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

"मंग कुलूप कशाला घातलं हुतं?"

नानांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सुचवीन. मी मुद्दाम मान दुसरीकडे वळवली.

"चुकलं," नाना म्हणाले.

आत पुन्हा तांब्याचा आवाज सुरू झाला. काकूंनी त्या दिवशी सावकाश, भरपूर पाणी घेतलं. मी गिरणीकडे निघाले तेव्हा नाना दाराला कान लावून विचारत होते, पाठीवर ओतायला हात पोचतोय का.